इंजिनाची पुढची जाळी

आमच्या दारात कुरिअरवाला उभा राहिला की मी आधी समोरच्या खिडकीकडे बघते. बंद असली तर ठीक. उघडी असली की समोरची वहिनी विचारणारच, "काय गं, परत खेळणं मागवलंस?" मी म्हणते, "नाय हो वहिनी, लॅबचं सामान आहे." धादांत खोटं. खोक्यावर इंजिनाचं भलंमोठं चित्र असतं. ती बाजू पोटाशी धरायची आणि सटकायचं. डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झालेत, मुलगी लग्न होऊन सासरी गेलीय, आणि मी वीतभर इंजिन लपवत जिना चढते. दारूची बाटली लपवली असती तर लोकांनी निदान समजून तरी घेतलं असतं.

लॅबचं नाव घेते ते अगदीच हवेत नाही. मी दात बनवते. डॉक्टर नाही हां मी. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात आणि तुर्भ्याच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही त्या मापाचा दात घडवतो. त्यातलं खरं काम शेवटचं. नुसता पांढराशुभ्र दात कोणाच्याच तोंडात शोभत नाही. शेजारच्या खऱ्या दातावर चहाचा, वयाचा, तंबाखूचा जो रंग चढलेला असतो, तोच बारीक ब्रशने नकली दातावर चढवायचा. मग तो ओळखू येत नाही. डाग देण्यात माझा हात धरणारं लॅबमध्ये कोणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

इंजिनांचं वेड लागलं तेही या डागांमुळे. एकदा फोनवर कोणाचा तरी व्हिडिओ समोर आला. एक माणूस दुकानातून आणलेलं चकचकीत मॉडेल इंजिन घेऊन बसला होता आणि त्याला मळवत होता. धुराड्यापाशी काजळी, चाकांपाशी धूळ, कडांना गंज. अर्ध्या तासात खेळण्याचं खरं इंजिन झालं. मी म्हटलं, अगं बाई, हे तर मी रोज करते! आधी एक मागवलं, मग दुसरं. तयार इंजिन आणायचं, त्याचं वरचं कवच स्क्रू काढून वेगळं करायचं, कंपनीने वगळलेल्या बारीक गोष्टी लावायच्या. काचेचे वायपर, ब्रेकचे पाइप, दरवाजाचे दांडे, नंबर. आणि सगळ्यात शेवटी मळवायचं. रंगीत खडू किसून त्याची पूड, पातळ केलेला काळा-तपकिरी रंग, लॅबमधून झिजून बाद झालेले ब्रश. आम्ही त्याला वेदरिंग म्हणतो. नवरा त्याला चांगल्या वस्तूची वाट लावणं म्हणतो.

वाशीला आमचा एक ग्रुप आहे. महिन्यातून एका रविवारी हॉल घेतात, टेबलं जोडून रूळ मांडतात. स्टेशन, फाटक, पूल, डोंगर, सगळं त्यात असतं. त्याला लेआउट म्हणायचं. त्यावर ज्याने त्याने आपापलं इंजिन पळवायचं. सगळे पुरुष. कोणी इंजिनिअर, कोणी रिटायर्ड बँकवाला, आणि हॉल ज्यांच्या ओळखीने मिळतो ते एक हाडांचे डॉक्टर. बाई मी एकटी. पहिल्या रविवारी एकाने मला विचारलं होतं, "मुलाला घेऊन आलात का?" तेव्हापासून मी त्या लोकांना काहीतरी दाखवून देण्याच्या मागे लागले. लेआउटसाठी मी बोटाच्या पेराएवढी माणसं रंगवून दिली. त्यातला एक फार नावाजला गेला. हातात डब्याची पिशवी, पायात निळ्या पट्ट्याच्या चपला, मान खाली घालून रुळाच्या अगदी कडेने चाललेला. मी स्वतः त्याला गोंदाने तिथे चिकटवला. डॉक्टर म्हणाले, "वा ताई, अगदी आपल्याकडचा माणूस." मी आठवडाभर तरंगत होते.

आता बाबांविषयी. माझा बापूस इंजिन ड्रायव्हर. जन्मभर मालगाड्या चालवल्या. रिटायर झाल्यावर ते आणि आई नावड्याच्या घरी राहायचे. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना कोपरखैरण्याला आमच्याकडे आणलं. आई होती तोवर कधी लक्षात आलं नाही की हा माणूस फक्त तिच्याशीच बोलायचा. इथे आले आणि गप्पच झाले. सकाळी उठून गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं, ते जेवायलाच उठायचं. काही विचारलं तर "हा" नाहीतर "नाय". खाली कट्ट्यावर त्यांच्या वयाची माणसं बसतात, चला म्हटलं तर "नको". नवरा उरणच्या कंटेनर यार्डात कामाला आहे, तिथल्या गमती सांगून तो त्यांना बोलतं करू बघायचा. ते ऐकायचे आणि मान हलवायचे. आमच्या घरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, शरीर उत्तम आहे, त्यांना माणसांत न्या, बोलतं करा, नाहीतर असेच आत आत जातील. मला रडू यायचं आणि रागही यायचा. मला रडण्यापेक्षा राग लवकर येतो, हा माझा जुना रोग.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. बाबा ज्या जातीचं डिझेल इंजिन चालवायचे, त्याचं तयार मॉडेल मिळतं. ते आणायचं, अगदी त्यांच्या इंजिनासारखं करायचं आणि ग्रुपच्या रविवारी बाबांच्या हातात कंट्रोल द्यायचा. आपलं इंजिन बघून कुठला ड्रायव्हर गप्प बसेल? बोलतील, सांगतील, चार लोक त्यांचं ऐकतील. आणि एक मनातलं सांगते. ग्रुपमध्ये मी हेही टाकून मोकळी झाले की दसऱ्यानंतरच्या रविवारी खरा ड्रायव्हर येणार आहे, माझे वडील, स्वतःचं इंजिन स्वतः चालवणार. त्यावर इतके अंगठे आले! बाबांना विचारलं नंतर. ते म्हणाले, "हा."

गणपती उठले तसं मी काम काढलं. गॅलरीच्या दाराशी टेबल, म्हणजे उजेडही मिळतो आणि बाबाही समोर. मी मुद्दाम मोठ्याने बोलत बसायचे. "बाबा, धुराडं एवढं काळं असायचं का?" "हा." "आणि ही पायरी? इथे धूळ बसायची?" "हा." मी चिकाटीने विचारत राहिले. एकदा मात्र ते खुर्ची पुढे ओढून बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ड्रायव्हरच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं कोपर टेकायचो मी. हितला रंग उडाला व्हता." मी लगेच तिथला रंग खरवडला. त्या दिवशी मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की बाबा आज अख्खं वाक्य बोलले.

आठव्या माळेला मी पुढची बाजू घेतली. इंजिनाच्या पुढे, रुळाच्या थोडी वर, लोखंडी पट्ट्यांची एक जाळी असते. रुळावर गुरंढोरं आडवी आली तर चाकाखाली जाऊ नयेत म्हणून. खऱ्या इंजिनांचे फोटो मोठे करून करून बघितले आणि त्या जाळीवर मी जीव ओतला. आधी धूळ, मग तपकिरी गंज, मग त्यात थोडा लाल. गंज ओलसर असला की लालसर दिसतो, आणि वरून खाली ओघळतो. ते ओघळ मी एका केसाच्या ब्रशने काढले. इतकं खरं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. वर वार्निशचा हात मारला की सगळं पक्कं होतं, पण तो मी राखून ठेवला. म्हटलं, आधी बाबांना दाखवू, काही बदल सांगितला तर करता येईल.

बाबांनी कवच हातात घेतलं. पुढून बघितलं. मग टेबलावर ठेवलं, उठले आणि मोरीत जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत होते. मला वाटलं, पूड लागली असेल बोटांना. "कसं झालंय?" मी आतून ओरडून विचारलं. पाण्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले, आणि मी खुशाल ओवा देऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे या दिवसाचं फार. ज्या हत्यारावर पोट चालतं ते धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू. शेतीची अवजारं गेली, आता नवऱ्याची बाइक, माझी पक्कड आणि ब्रश, मिक्सर, शिलाई मशीन, जे असेल ते. लहानपणी बाबा आम्हाला शेडमध्ये न्यायचे. अख्खं इंजिन धुतलेलं, केळीचे खांब बांधलेले, लिंबं लोंबत असलेली. ही सगळी धुण्यापुसण्याची खाती आमच्या घरात कायम बाबांकडे. तेवढ्यापुरते ते आमच्याकडे आल्यावरही उठायचे.

सकाळी लॅबमध्ये पूजा होती, मी दुपारी घरी आले. दारात बाइक लख्ख धुतलेली. आत पाटावर सगळं मांडलेलं, उदबत्ती चाललेली. आणि मधोमध माझं इंजिन. कवच परत चाकांवर बसवलेलं, डोक्यावर झेंडूचं फूल, आणि स्वच्छ. खोक्यातून काढल्यासारखं स्वच्छ! धुराडं स्वच्छ, पायऱ्या स्वच्छ, जाळी तर अशी घासलेली की खालचं प्लॅस्टिक चमकत होतं. मोरीच्या कठड्यावर जुना टूथब्रश आणि वाटीत साबणाचं गढूळ पाणी.

मग माझा तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले ते सगळं लिहिण्याची हिंमत नाही. कोणी सांगितलं होतं हात लावायला? एवढे दिवस मी डोळे फोडत बसले ते दिसलं नाही? बाबा पंच्याला हात पुसत उभे होते. म्हणाले, "पूजंला मलकी मशीन नाय ठेवत बाय." मी किंचाळले, "मळकी नव्हती ती, मळवली होती!" आणि त्याच दमात म्हणाले, "दिवसभर तोंड गप्प ठेवता ना, मग हातही गप्प ठेवायचे!"

ऐकलंत ना? ज्या माणसाने बोलावं म्हणून हा सगळा खटाटोप, त्याला मी हे म्हणाले. समोरची खिडकी उघडी होती. वहिनी पडद्याआड झाली, तिचीच मान खाली गेली असेल. नवरा दारात नारळ घेऊन उभा होता. तो नारळ खाली ठेवून बाबांना म्हणाला, "बाबा, तुमी बसा गॅलरीत." बाबा गेले आणि त्या पाटासमोर मला भयंकर लाज वाटायला लागली.

चार वाजता मी चहा घेऊन गॅलरीत गेले. माफी मागायची म्हणून गेले, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बाकीचं धुतलंत ते एक असू दे. जाळी तरी कशाला एवढी घासायची?"

बाबांनी कप घेतला. रस्त्याकडे बघत म्हणाले, "जाली लाल केलीस तू."

"गंज होता तो बाबा."

"म्हायत हाय गंज होता."

मी उठायच्या बेतात होते तेवढ्यात ते बोलायला लागले, आणि मी जी वाक्यं ऐकायला दोन वर्षं जीव टाकत होते ती आली. "भरलेली गाडी जागच्या जागी उभी नाय रात बाय. लांबून मानूस दिसतो. मी हॉर्न देतो. त्याला वाटतं अजून लांब हाय. मी ब्रेक लावतो. मग हातात काय रातं? बघत बसायचं. मला डोले मिटून चालत नाय." चहाचा एक घोट घेतला. "मग शेडला गेल्यावर पाइपनं जाली धुवायचे. मी तिथंच उभा रायचो. कोनी सांगितलं नव्हतं. पन त्या मानसाच्या सोबत तेव्हा दुसरं कोन हाय? म्हनून पानी साफ येईपरत उभा रायचो. आनि खंडेनवमीला हार घालायचा तो त्याच जालीला."

"किती..." मी म्हटलं.

"मोजायचं नस्तं," ते म्हणाले.

मला आमच्या नावड्याच्या घरातली मागची मोरी आठवली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी सोडली तर आमच्याकडे मासळीशिवाय पान हलायचं नाही. पण मधूनच एखाद्या बुधवारी, कधी रविवारीसुद्धा, आई साधं वरणभात करायची. आणलेले बोंबील शेजारी देऊन टाकायची. त्या दिवशी बाबा मागच्या दारी आंघोळीला बसायचे आणि आई त्यांच्या डोक्यावर बादलीमागून बादली ओतायची, एक अक्षर न बोलता. मी ताट ढकलायचे. "आज कुठला उपास आहे म्हणून मासे नाय?" आई म्हणायची, "तुज्या बापाला नको वाटतंय. गप जेव." मी बाबांवर रुसायचे. इतक्या वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की विचारावं, का नको वाटतंय? ड्रायव्हरची मुलगी मी. रोज पेपरात वाचायचे, अमक्या फाटकाजवळ तमका. त्या बातमीत गाडी चालवणाराही एक असतो, हे मला गॅलरीत बसून कळलं. शरमेने मला त्यांच्याकडे बघवेना.

"रविवारी नको जाऊया," मी म्हटलं.

"तू शब्द दिलास ना लोकांना? जाऊ." मग कप खाली ठेवून, "परत मलव तू त्याला. तुजं हाय ते. फक्त पुढची जाली..."

मी मळवलं नाही. हे ऐकून कोणी मला शाबासकी देईल म्हणून खरं सांगते. ब्रश हातात घेतला होता, चालेना, ठेवून दिला, एवढंच. आणि रविवारपर्यंत माझ्या डोक्यात काय होतं? बाबांचं दुःख? थोडंफार होतं. बाकी सगळं हेच की हे चकचकीत खेळणं घेऊन मी त्या लोकांसमोर उभी कशी राहू. बापाने काळीज उघडून दाखवलं आणि पोरीला पडलीय ती ग्रुपची! असली मी. रिक्षात बसल्यावरही मी खोकं मांडीवर पालथं धरलं होतं.

बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा, आणि केसांना तेल. हॉलमध्ये शिरलो तसे सगळे उठून उभे राहिले. कोणी खुर्ची आणली, कोणी पाणी. डॉक्टरांनी वाकून नमस्कार केला. बाबा बावरले, पण चेहऱ्यावर हसू आलं. खरंखुरं हसू. मला वाटलं, चला, जमलं. मी इंजिन रुळावर ठेवलं. आजूबाजूला सगळ्यांची इंजिनं धुळीने माखलेली, काजळलेली, आणि त्यात माझं एकटं नवरीसारखं. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "हे काय ताई? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. डब्यातून काढलं तसंच आणलंत?"

खरं सांगायला किती शब्द लागले असते? आमच्याकडे खंडेनवमीला धुतात, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी हसले आणि म्हटलं, "वेळच नाही मिळाला हो. दसरा होता ना."

बाबा माझ्या मागेच उभे होते. ते पुढे झाले आणि डॉक्टरांसमोर हात जोडून म्हणाले, "नाय सायेब, माजी चूक झाली. मी धुतलं. तिनं लय मेहनत केलती, मला समजलं नाय."

मला समजलं नाय! माझा बाप, सगळ्या हॉलसमोर हात जोडून. आणि मी? मी कंट्रोलची वायर जोडत राहिले. "अहो काका, असू दे असू दे," डॉक्टर म्हणाले, दोघंतिघं कौतुकाने हसले, आणि ती चूक तशीच बाबांच्या नावावर राहिली. आजही मला एकटी असताना ते जोडलेले हात आठवतात आणि मी मोठ्याने काहीतरी बोलून ते घालवते.

कंट्रोल म्हणजे हातात मावणारी डबी. फिरवलं की गाडी चालते, बाजूच्या बटणाने हॉर्न वाजतो. बाबांनी ती उलटीसुलटी बघितली. मागे मालडबे जोडले होते. त्यांनी आधी हॉर्न दिला, मग इतकी सावकाश गाडी काढली की सगळे टेबलाजवळ सरकले. आमच्यात गाडी काढतात ती झटक्याने. इथे डबा डबा ओढ घेत निघाला. स्टेशनातून गेली, पुलावरून गेली. कोणीतरी म्हणालं, "याला म्हणतात ड्रायव्हर." फोन वर झाले, व्हिडिओ सुरू झाले. बाबा कोणाकडेच बघत नव्हते. त्यांची नजर गाडीच्या पुढे होती. वळण आलं आणि गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली.

"काय झालं? रूळ मळलाय का?" एकाने विचारलं.

बाबांनी हॉर्न दिला. लांबलचक. थांबले. परत दिला.

मी वाकून बघितलं. वळणाच्या पुढे, रुळाच्या अगदी कडेला, माझा माणूस. हातात डब्याची पिशवी, मान खाली.

"काका, लागत नाही त्याला," डॉक्टर हसत म्हणाले. "जागा आहे. सगळ्यांच्या गाड्या जातात तिथून. येऊ द्या."

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं म्हातारबुवा खेळात रंगले, गंमत करतायत. एकाने टाळी वाजवली. बाबांनी तिसऱ्यांदा हॉर्न दिला. त्यांचा अंगठा बटणावरून उठत नव्हता आणि डोळे उघडे होते. पापणीसुद्धा हलत नव्हती. आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणीही माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर हेच, की बाबा, आता पुरे, लोक हसतायत.

मग मात्र माझे पाय निघाले. टेबलाला वळसा घालून गेले आणि त्या माणसाला चिमटीत धरलं. निघेना. गोंद मीच भरपूर लावला होता, हलायला नको म्हणून. जोर लावला तसा तो सुटून हातात आला आणि एक चप्पल तिथेच चिकटून राहिली. निळ्या पट्ट्याची. रुळाच्या कडेला, एकटीच.

मी तिच्यावर बोट ठेवलं आणि घट्ट दाबून धरलं.

टेबलाच्या त्या टोकाकडून बाबांनी विचारलं, "बाजूला झाला का?"

"झाला बाबा," मी म्हटलं. "झाला बाजूला."

"नक्की?"

"नक्की. मी धरलाय त्याला."

बाबांनी एकदा, आखूड, हॉर्न दिला आणि गाडी सोडली. ती स्वच्छ घासलेली जाळी वळणावरून माझ्याकडे आली आणि बोटाला लागून पुढे गेली. मागचे सगळे डबे जाईपर्यंत मी बोट उचललं नाही.